चाचीच्या गळ्यातली किल्ली

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्यानं म्हटलं त्यानं भाडेकरू ठेवलेला नसणार. ठेवला असता तर त्या म्हणीला तिसरं शेपूट नक्की जोडलं असतं. माझी सगळी नोकरी एसटी स्टँडवर गाड्या सोडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर धाराशिवच्या बाहेरच्या अंगाला एका प्लॉटवर घर बांधलं. खाली दोन बिऱ्हाडांची जागा, वर एका. खालच्या एका बाजूला आम्ही नवराबायको राहायचं आणि बाकीचं भाड्यानं द्यायचं, एवढा साधा हिशेब. मला वाटलं होतं, माणसं गाड्यांसारखीच असतील, फलाटावर नीट लावली की लागतील.

मी निष्काळजी मालक नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं ते ऐकून जो तो मला तेच विचारतो. आमच्याकडं नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, म्हणून अंगणात मोठा हौद आहे. त्यात कुणाचं लेकरू पडू नये म्हणून मी त्याला लोखंडी झाकण बसवलं, झाकणाला कडी केली. मोटारीचं अर्थिंग दर उन्हाळ्यात तपासून घ्यायचो. गच्चीचा कठडा छातीपर्यंत वाढवला. भाडेकरूच्या शेगडीची नळी तडकलेली दिसली तर त्याला न विचारता नवी आणून लावायचो. ओल्या हातानं मोटारीचं बटण दाबायचं नाही, जिन्यात सायकल लावायची नाही, असे माझे नियम मी येताजाता मोठ्यानं सांगायचो. बायको म्हणायची, ‘घर भाड्यानं दिलंय का डेपो चालवताय?’

खालच्या दुसऱ्या बिऱ्हाडात एक शिंपी आणि त्याची आई राहायला आले. लोहारा तालुक्यातले. शिंप्याचं बाजारात छोटं दुकान होतं, बायको आजारी आईसाठी माहेरीच राहायची. त्याच्या आईला सगळी गल्ली चाची म्हणायला लागली, मीही. माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठी असेल. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, ‘अंदाजानं दिसतंय की.’ जागा बघायला आली तेव्हा तिनं पाण्याचं विचारलं नाही, लाइटबिलाचं विचारलं नाही. दार हातानं चाचपलं आणि म्हणाली, ‘भाऊ, ह्या दाराची कडी तेवढी काढून टाका.’

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. नंतर तिनंच माझ्या बायकोला सांगितलं. त्र्याण्णव सालचा भूकंप झाला तेव्हा हा शिंपी तान्हा होता. चाची त्याला घेऊन उंबऱ्याजवळ झोपली होती. नवरा आणि मोठी मुलगी मधल्या खोलीत. मधलं दार वाऱ्यानं सारखं आपटत होतं, पोरगं दचकत होतं, म्हणून झोपायच्या आधी तिनंच त्या दाराला बाहेरून कडी घातली. पहाटे माळवद, वरचं मातीचं छत, खाली आलं. ती पोराला घेऊन बाहेर पडली आणि ते दोघं आत राहिले. कडी नसती तरी एवढ्या दगडमातीतून ते बाहेर आले नसते, असं तिला गावानं सांगितलं, पाहुण्यांनी सांगितलं, मौलवींनी सांगितलं. तिनं ते कधी मानलं नाही. मी दाराची कडी काढून दिली.

आता आमच्या जिल्ह्यात एक गंमत आहे. गंमत म्हणायची आपली सवय. अधूनमधून जमिनीतून धडाम असा आवाज येतो. भांडी वाजतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात. लोक अंगणात येतात, ‘तुमच्याकडं पण आला का?’ असं एकमेकांना विचारतात आणि आत जाऊन चहाला आधण ठेवतात. भूकंपाची काही नोंद नाही, असं संध्याकाळपर्यंत कुणीतरी सांगतंच. चाचीला मात्र हे सांगून उपयोग नव्हता. आवाज झाला की ती अनवाणी थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहायची. तिचा मुलगा दुकान टाकून यायचा, हाताला धरून आणायचा, आणि पुढच्या आवाजापर्यंत सगळं ठीक चालायचं.

पुढं वरची जागा मी एका नर्सबाईला दिली. वयानं माझ्या मुलीएवढी. माहेर आणि सासर दोन्ही परांड्याकडचं. बरोबर पहिलीत जाणारी मुलगी. नवऱ्याचा हात सुटायचा म्हणून ती बाहेर पडली होती आणि पोरगी कुणाकडं राहायची याचा खटला चालू होता. हे सगळं तिनं पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं, वर म्हणाली, ‘काका, नको वाटत असेल तर आत्ताच सांगा.’ मला नको वाटत होतंच. पण माझी बायको तोवर पोरीला लाडू देऊन बसली होती.

आणि एक दिवस तो नवरा आलाच. गेट उघडंच असायचं, तो सरळ जिना चढून वर गेला आणि दारावर लाथा घालायला लागला. मी, शिंपी आणि समोरचे दोघंतिघं धावलो, त्याला खाली उतरवलं. जाताना तो म्हणाला, ‘पोरगी माझी आहे. कधीतरी नेणारच.’ त्याच दिवशी मी बाजारातून जाड साखळी आणि कुलूप आणलं. नर्सबाईला एक किल्ली, शिंप्याला एक, आमच्याकडं एक. गेट दिवसरात्र बंद. मालकाचं कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात मी जेवायला बसलो तर दारात चाची.

‘भाऊ, त्या गेटाला कुलूप घातलं व्हय?’

मी तिला कारण सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, पोरीसाठी चुकचुकली, आणि शेवटी म्हणाली, ‘ते सगळं खरं हाय. पर म्या कुठनं पळू?’

एकीला जगायला गेट उघडं पाहिजे आणि दुसरीला लावलेलं. गेट एकच. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात ते मी आयुष्यात पहिल्यांदा असं पायाखाली बघितलं. मी काय काय करून पाहिलं! मागून दुसरं दार काढायचं म्हटलं तर मागं शेजाऱ्याची भिंत. कुलूप काढून नुसती कडी ठेवली तर बाहेरून गजातून हात घालून कुणीही काढेल. मग मीच खुर्ची टाकून गेटाजवळ बसायला लागलो. पण माझ्या वयाच्या माणसाला तासातासाला बाथरूमला जावं लागतं, आणि तेवढ्या वेळात एकीचा नवरा येऊ शकतो किंवा दुसरीचा भूकंप. आठवडाभरात मी हात टेकले आणि कुलूप परत लावलं.

नोव्हेंबरात मी बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. मी जिवंत आहे हे साहेबाला पटवून बाहेर पडतोय तोच आवाज आला. नेहमीपेक्षा मोठा. बँकेतली माणसं बाहेर आली, हसली, परत आत गेली. मी मात्र रिक्षा केली, कारण बायको मंडईत होती, शिंपी दुकानात आणि नर्सबाई ड्यूटीवर. चाची घरात एकटी होती आणि गेटाला कुलूप होतं.

गल्लीतले लोक आमच्या गेटाबाहेर उभे होते. आत चाची. दोन्ही हातांनी गज धरलेले. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती. गज हलवून हलवून बोटांची सालटं निघाली होती. समोरच्या पोरांनी भिंतीवरून तिला उचलून घेतो म्हणून सांगितलं होतं, पण तिला ऐकूच जात नव्हतं. तिचं लुगडं ओलं झालं होतं. बायामाणसं ते बघून न बघितल्यासारखं करत होती. मी कुलूप काढलं तशी ती मला ढकलून रस्त्यावर गेली आणि मातीत बसली. बऱ्याच वेळानं मी तिच्या जवळ गेलो. ती म्हणाली, ‘भाऊ, कोंडून मारू नका. मराचं तर उघड्यावर मरू द्या.’ मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी जमलेल्या लोकांवर ओरडलो.

संध्याकाळी नर्सबाईनं चाचीच्या बोटांना मलमपट्टी केली. पट्टी बांधताना तिचेच डोळे वाहत होते. वर जाताना ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, ‘काका, चाचींनाही किल्ली द्या. त्यांचा पण जीवच आहे ना?’

एवढा सरळ तोडगा मला का सुचला नव्हता? कारण चाचीला किल्ली लावता येईल असं मला वाटलंच नव्हतं. कुलूप तिला दिसायचं नाही. पण पोरीनं ते काम अंगावर घेतलं. शाळेतून आली की ती चाचीला गेटाजवळ घेऊन जायची. ‘नानी, उलटी धरलीस. दात वर.’ चाची बोटांनी भोक चाचपायची, किल्ली सरकवायची, आणि कुलूप निघालं की दोघी टाळ्या पिटायच्या. शिंप्यानं दुकानातल्या चांगल्या कापडाची पट्टी शिवून त्यात किल्ली ओवली आणि आईच्या गळ्यात घातली. पुढच्या आवाजाला चाची स्वतः कुलूप काढून बाहेर गेली, रस्त्यात उभी राहिली, आणि स्वतःच परत येऊन कुलूप लावलं. माझी छाती फुगली. स्टँडवरच्या जुन्या मित्रांना मी ही गोष्ट रंगवून सांगितली. अक्कल कशाला म्हणतात बघा, असंही म्हणालो.

पोरगी शाळा सुटल्यावर एरवी आमच्याकडं थांबायची. फेब्रुवारीत भूम गावाला बायकोच्या भाचीचं लग्न होतं, म्हणून त्या दिवशी पोरगी चाचीकडं बसणार असं ठरलं. निघताना मी चाचीला बजावलं, ‘कुणीही आलं तरी गेट उघडायचं नाही.’ ती म्हणाली, ‘जावा तुमी निवांत.’ आम्ही निवांत गेलो.

शिंप्याचा फोन आला तेव्हा आम्ही पंगतीत होतो. बुंदी पानात पडली होती. तो नुसता म्हणाला, ‘काका, पोरीला नेलं.’ आम्ही तसेच उठलो. ज्या गाड्या मी जन्मभर वेळेवर सोडल्या त्यातलीच एक त्या दिवशी प्रत्येक फाट्यावर थांबत होती. मी दोनदा कंडक्टरला बोललो. तो म्हणाला, ‘काका, तुम्हाला माहीतच आहे की.’ मला सगळंच माहीत होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

घरी आलो तर गेट सताड उघडं, साखळी खाली लोंबत होती. चाची गेटाजवळच जमिनीवर बसलेली, गुडघे फुटलेले. नर्सबाई पोलीस स्टेशनला गेली होती. मी चाचीवर ओरडणार होतो. तोंडापर्यंत शब्द आले होते. पण ती आपण होऊनच बोलायला लागली.

‘गेट वाजलं. म्या म्हनलं, कोण हाय? तर म्हनला, पोरीचा बाप हाय, लांबून आलोय, बघून जातो. म्या म्हनलं, तिच्या आईला येऊ द्या. बरं म्हनला. गुमान उभा ऱ्हायला उन्हात. लई गरीब आवाज होता, भाऊ. तेवढ्यात पोरगी आतून पळत आली. पप्पा, पप्पा करत गजाला चिकटली. त्यानं बाहेरनं हात घातलं, तिनं आतनं. दोगं बी रडाय लागलं. अन् मधी कुलूप. अन् किल्ली माझ्या गळ्यात. म्या कसं बघू ते?’

मी लोंबणारी साखळी हातात घेतली.

‘मला वाटलं, आत घेते, पाणी देते, घटकाभर बसंल लेकीपाशी. त्यानं पोरगी उचलली अन् चालाय लागला. म्या म्हनलं, कोपऱ्यापत्तूर नेतोय, खाऊ द्याला. मग गाडीचा आवाज आला.’

ती गाडीच्या मागं पळाली होती. गुडघे त्यात फुटले.

नर्सबाई शिंप्याबरोबर पोलीस स्टेशनमधून आली ती रिकाम्या हातानं. बापानं स्वतःची पोरगी नेली याला पळवून नेणं कसं म्हणायचं, कोर्टात जा, असं तिला सांगितलं होतं. ती येऊन आमच्या ओट्यावर बसली. चाची तिच्या पायाशी गेली तर तिनं पाय आखडून घेतले, पण रागानं नाही, तेव्हा कुणाचाच हात अंगाला नको होता म्हणून. मग माझ्याकडं बघून म्हणाली, ‘काका, किल्ली द्या म्हणून मीच सांगितलं होतं ना?’

‘मालक मी आहे. किल्ली मी दिली,’ मी म्हणालो.

‘पण सांगितलं मीच ना?’

त्या संध्याकाळी तिनं हे मला किती वेळा विचारलं असेल! मी दर वेळी तेच उत्तर दिलं. ते तिला नको होतं आणि माझ्याकडं दुसरं नव्हतं.

नंतर मी तिच्याबरोबर परांड्याला गेलो. त्याच्या घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, पाहुण्यांकडं गेलाय, कुठल्या ते माहीत नाही. पोरगी मजेत होती, नवीन फ्रॉक होता अंगावर, असं एका बाईनं चांगल्या मनानं सांगितलं. ते ऐकून नर्सबाई वाटेतच खाली बसली. कोर्टात तारखा पडत राहिल्या. कधी समोरचा वकील नसायचा, कधी साहेब रजेवर. मी प्रत्येक तारखेला तिच्याबरोबर जायचो, बाकावर बसायचो, परत यायचो. मला दुसरं काय येत होतं? अर्थिंग तपासता येतं, कठडा वाढवता येतो, नळी बदलता येते. लेकीला बघून गजातून हात घालणारा बाप आणि ते बघून विरघळणारी म्हातारी, याची तयारी मालकानं कशी ठेवायची? मला अजून कुणी ते सांगितलेलं नाही, आणि विचारायला जावं असं ठिकाणही मला माहीत नाही.

पोरगी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी चाचीनं गळ्यातली पट्टी काढून माझ्या हातात ठेवली होती.

‘आता लावून घेत जावा, भाऊ. मला नको ही.’

‘आणि आवाज झाला तर?’

‘होऊ द्या.’

तिचा मुलगा दुसरी जागा बघतो म्हणाला, मोकळ्या अंगणाची. तिनं ऐकलं नाही. पोरगी परत येईपर्यंत हितनं हलणार न्हाय, म्हणाली. उन्हाळ्यात एकदा आवाज आला. मी धावत बाहेर आलो, खिशातली किल्ली चाचपत. चाची आपल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसली होती, दोन्ही हातांनी डोकं धरून. मी दारातून म्हटलं, ‘चाची, चला, गेट उघडतो.’ तिनं नको म्हणून मान हलवली. ती उठली नाही. मी तिथं उंबऱ्यात उभा राहिलो, आत जावं का बाहेर जावं ते न कळून. शेवटी माझी बायको आली आणि तिच्याजवळ बसली.

जून लागला, शाळा सुरू झाल्या. समोरच्या रस्त्यानं सकाळी पोरांच्या रिक्षा जायला लागल्या. त्याच आठवड्यातली गोष्ट. जेवणं झाल्यावर मी नेहमीसारखा कुलूप लावायला गेलो तर नर्सबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली होती. ड्यूटीचे कपडेही बदललेले नव्हते.

‘काका, आजपासून कुलूप नका लावू.’

‘का गं?’

‘तिला आपली गल्ली माहीत आहे. हौदाचं घर म्हणते ती. आली आणि गेट लागलेलं दिसलं तर परत जाईल ना ती.’

परांड्याहून धाराशिवला यायला एसटीलाच अडीच-तीन तास लागतात. कुठली गाडी कुठल्या फाट्यावर किती थांबते हे मला झोपेतही सांगता येईल. ते मी तिला सांगितलं नाही. घातलेली साखळी परत काढली. कितीही हळू काढली तरी लोखंड वाजायचं ते वाजलंच.

चाचीच्या अंधाऱ्या खोलीतून आवाज आला, ‘भाऊ, लावलं का कुलूप?’

नर्सबाई माझ्याकडं बघत होती.

‘लावलं, चाची,’ मी म्हणालो, आणि कुलूप खिशात घालून आत आलो.